माझे सगळे आले

बंदरावर त्यांना सगळे पाटीवाल्या बाई म्हणत. खरं नाव होतं, चांगलं चार अक्षरी होतं, पण नवऱ्याने ते लग्नाच्या पहिल्या वर्षातच वापरून संपवलं आणि पुढचा सगळा संसार ‘अगं’वर चालवला. बाकीच्यांनी कधी विचारलंच नाही. हातात पाटी दिसायची म्हणून पाटीवाल्या बाई, विषय संपला.

पाटी म्हणजे काठीच्या टोकाला ठोकलेली पत्र्याची गोल चकती, तिच्यावर बसचा आकडा. पर्यटकांचं जहाज सकाळी धक्क्याला लागलं की पोटातली दोन हजार माणसं शिडीवरून खाली उतरायची. त्यातल्या काहींनी जहाजाच्या ऑफिसातूनच सहल ठरवलेली असायची. ती आपापल्या आकड्यामागे रांग लावायची. उरलेली गेटाबाहेर पडून आपलं आपण शहर बघायची. नऊ वाजता उतरायचं आणि दोनपर्यंत परत यायचं. अडीचला जहाज सुटायचं. पाच तासांत कुठलं शहर बघून होतं? पण लोक बघत होते आणि बाई दाखवत होत्या. अशी एकतीस वर्षं गेली. बत्तिसावं पुरं झालं नाही.

बाईंचे वडील याच बंदरात पोती वाहायचे. गेटाच्या आत ते मागच्या बाजूने, मान खाली घालून जात. बाई गेल्या त्या पुढच्या बाजूने, गळ्यात ओळखपत्र लटकवून. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी कधी झाकूनही ठेवला नाही. शहराची माहिती त्यांना तोंडपाठ होती. पूल कोणी बांधला, मनोऱ्याला पायऱ्या किती, बागेतलं काचघर कितीदा फुटलं, सगळं. मध्येच कुणी आडवा प्रश्न विचारला तर त्या उत्तर देत आणि मग दोन वाक्यं मागे जाऊन पुन्हा सुरुवात करत, कारण मधूनच सुरू करता यायचं नाही.

नवरा टॅक्सी चालवायचा. त्याचा थांबा बरोबर गेटाबाहेर, म्हणजे बाईंच्या पाटीपासून पन्नास पावलांवर. जी माणसं पाटीमागे जात नसत, ती त्याच्या वाट्याला यायची. त्यामुळे नवरा-बायकोचं भांडण हे या घरात जेवणातल्या मिठासारखं रोजचं होतं, आणि विषयही एकच.

“हाकून आणलीस का तुझी मेंढरं?” तो हात धुता धुता विचारायचा.

“आणली. सगळी आणली. तुझी मोकाट गेलेली सापडली का?”

“माझी माणसं मनाला येईल तिथे थांबतात. तुझ्या बसमध्ये लघवीला जायचं तरी पाटी वर करावी लागते.”

“आणि उशीर झाला तर? तुझ्या माणसांसाठी जहाज थांबतं का?”

यावर तो ‘वाढ आता’ म्हणायचा. जहाजाचा नियमच तसा होता. जहाजाच्या सहलीची बस रस्त्यात बंद पडली, गर्दीत अडकली, काही झालं, तरी जहाज तिच्यासाठी थांबतं. आपला आपण गेलेला माणूस मात्र वेळेत आला तर आला, नाहीतर धक्क्यावरून जहाजाची पाठ बघत उभा राहतो. अशी माणसं बाईंनी खूप पाहिली होती. एकदा तर एका नवऱ्या मुलाला त्याच्या बायकोने वरून हात हलवून निरोप दिला होता. हे बाई हसत हसत सांगायच्या. लोकांना सहलीत ओढायला त्यांना दुसरं काही बोलावंच लागत नसे. “आमच्याबरोबर चला, जहाज थांबतं,” एवढं म्हटलं की डळमळणारा माणूस रांगेत येऊन उभा राहायचा.

आणि बाईंचं मोजणं. ते तर बंदरात नावाजलेलं होतं. नव्या मुली बसमध्ये एकेका डोक्याकडे बोट दाखवत मोजत जायच्या. कोणी वाकलेलं असे, कोणी उभं असे, मग चुकायचं, पुन्हा पहिल्यापासून. बाई त्यांना हसत. “भरलेली माणसं कशाला मोजता गं? रिकाम्या जागा मोजा. चाळीस जागांची बस, अडतीस माणसं. दोन जागा रिकाम्या दिसल्या की सुटलात.” दाराशी उभं राहून त्या एकदा नजर टाकत आणि ड्रायव्हरला हात दाखवत. तीन सेकंदांचं काम. एकतीस वर्षांत एक माणूस मागे राहिला नव्हता.

त्या दिवशी बाईंच्या पाटीवर चारचा आकडा होता. रांग जमत आली होती आणि एक म्हातारे गृहस्थ कधी पाटीकडे, कधी गेटाकडे असे घुटमळत होते. सत्तरी केव्हाच ओलांडलेले, बारीक, शर्टाच्या खिशात हाताने शिवलेली छोटीशी वही. जन्मभर पुस्तकं बांधायचं काम केलेलं, हे त्यांनी नंतर सांगितलं. बोटांना सरसाचे डाग नव्हते आता, पण बोलताना ती बोटं सारखी कशाच्या तरी कडा जुळवत असायची. बाइंडरकाका म्हणू त्यांना.

बाइंडरकाका गेटापर्यंत गेले आणि बाईंच्या नवऱ्याशी बोलायला लागले. बाईंनी लांबूनच कान टवकारले आणि मग पाटी शेजारणीच्या हातात देऊन सरळ तिकडे गेल्या.

प्रकरण असं होतं. काकांची बायको वर खोलीत पडून होती. छातीचा आजार जुना, पण जहाजावर आल्यापासून जास्त झालेला. डॉक्टरांनी उतरायला मनाई केली होती. तिला खोलीच्या खिडकीतून तो टेकडीवरचा मनोरा दिसत होता, आणि तिने हट्ट धरला होता की निदान तुम्ही तरी जा, वर चढा आणि खिडकीतून रुमाल हलवा, मी इथून बघेन. आयुष्यात पहिल्यांदा दोघं घराबाहेर निघाली होती. ती जोडी अर्धी तरी बाहेर पडावी असं तिला वाटत होतं.

“काका, वळणावळणाचा रस्ता, पाऊण तास जायला, पाऊण तास यायला,” टॅक्सीवाला सांगत होता. “वर चढा, रुमाल हलवा, खाली या. साडेअकराला तुम्ही तुमच्या काकूंपाशी. मी काही घंटाभर फोटो काढत बसत नाही.”

सल्ला चांगला होता. आजारी माणूस वर असताना दुसरं काय करायचं असतं? पण बाईंना त्यात फक्त नवऱ्याची टॅक्सी दिसली.

“आणि रस्त्यात टायर फुटला तर?” त्या म्हणाल्या. “काका, तुमच्या घरचं माणूस आजारी आहे. तुम्हाला चुकून चालणार नाही. आमच्याबरोबर चला. काही झालं तरी जहाज थांबतं.”

“थांबतं?”

“नियम आहे. यांच्यासाठी नाही थांबत. आमच्यासाठी थांबतं.”

टॅक्सीवाला म्हणाला, “अगं, त्यांना एकच जागा बघायचीय. तुझ्या काचघरात काय करणार ते?”

पण काका वळले होते. जन्मभर कुठे चुकायचं नाही, कडा वेडीवाकडी कापायची नाही, अशी सवय झालेला माणूस. खात्री मिळतेय म्हटल्यावर तो खात्रीकडेच जाणार. बाईंनी त्यांना सांगितलं, बस मनोऱ्यावर साडेबाराला पोचते, एकच्या ठोक्याला तुम्ही वरच्या खिडकीत उभे राहा. काका हळूहळू शिडी चढून वर गेले, बायकोला वेळ सांगून आले आणि रांगेत शेवटी उभे राहिले. बाईंनी पन्नास पावलांवरून नवऱ्याकडे बघून भुवया उडवल्या. आज मी जिंकले, असा त्याचा अर्थ होता.

काकांना धरून अडतीस माणसं, बस चाळीस जागांची. सकाळ नेहमीसारखी गेली. पूल झाला, काचघर झालं, बाजार झाला. बाजारात एका बाईने दिव्याची भलीमोठी शेड विकत घेतली, पाच वर्षांच्या पोराएवढी उंच. ती मांडीवर मावेना, वर फळीवर बसेना. शेवटी तिने ती एका रिकाम्या जागेवर ठेवली, हलू नये म्हणून पट्टा लावला, वर आपला कोट पांघरला आणि कुणीतरी गमतीने कोटावर टोपी ठेवली. सगळी बस हसली. “हा एक नवा प्रवासी,” बाईसुद्धा म्हणाल्या. बाइंडरकाका हसले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. बायकोला सांगायला ते सगळंच लिहून घेत होते.

मनोऱ्यावर पोचल्यावर बाईंनी सगळ्यांना सांगितलं, एक वाजून पाच मिनिटांनी बस निघेल. काका जवळ आले.

“एकला वर उभा राहणार, मग उतरायचं. गुडघे जरा... पाचदहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर?”

“काका, सावकाश उतरा. मोजल्याशिवाय आम्ही हलत नाही. बस तुम्हाला सोडून जायची नाही.”

हे वाक्य त्यांनी हजारदा म्हटलं असेल. खोटं म्हणून कधीच म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही नाही.

एक वाजून पाच मिनिटांनी त्या बसच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि एकदा नजर टाकली. मागून तिसऱ्या ओळीत खिडकीची एक जागा रिकामी. चौथ्या ओळीत एक रिकामी. दोन. हात दाखवला, बस निघाली.

त्यातली एक जागा काकांची होती. आणि जी खरोखर रिकामी असायला हवी होती, तिथे कोट पांघरून, टोपी घालून, पट्टा लावून दिव्याची शेड बसली होती.

डोकी मोजणाऱ्या कुठल्याही नवख्या मुलीच्या हातून ही चूक झाली नसती. शेडला डोकं नव्हतं.

धक्क्यावर उतरताना त्या बाईला शेड उचलेना, तेव्हा पाटीवाल्या बाईंनीच ती दोन्ही हातांत धरून खाली आणून दिली. तेव्हाही त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आपलं काम झालं होतं, माणसं शिडी चढत होती, बाईंनी पाटी खांबाला टेकवली आणि चहाचा कप हातात घेतला.

सव्वादोनला शिडीपाशी उभा असलेला जहाजाचा अधिकारी खाली आला. वर जाताना प्रत्येकाचं कार्ड यंत्राला दाखवावं लागे आणि यंत्र सांगत होतं की एक कार्ड यायचं राहिलंय. त्याच्या हातात फक्त कार्डाचा नंबर होता. त्याने चारही बसच्या बायांना एकेक करून विचारलं.

“तुमचा कोणी?”

“माझे सगळे आले,” पाटीवाल्या बाई म्हणाल्या.

“नक्की?”

“एकतीस वर्षं झाली मला. माझे सगळे आले.”

“म्हणजे आपला आपण गेलेला असणार कोणीतरी.” अधिकारी खांदे उडवून वर गेला. दहा मिनिटं वाट बघितली, तीही मेहेरबानी म्हणून. मग शिडी वर घेतली. बाई चहा पीत होत्या आणि, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं म्हणून लिहायचं, त्यांना थोडं हसू आलं होतं. नवऱ्याच्या माणसांपैकी असेल कोणीतरी, आज घरी गेल्यावर चांगला चिडवते, असं त्यांच्या मनात आलं होतं.

सहलीत फोन वाजलेला त्यांना चालत नसे, म्हणून तो आवाज बंद करून पर्समध्ये तळाशी टाकलेला असे. त्या दिवशीही तसाच होता. त्यावर नवऱ्याचे सात फोन येऊन गेले होते.

नवरा दोनच्या सुमाराला एक भाडं सोडायला मनोऱ्यावर गेला होता. बस जिथे उभी राहते त्या जागेवर, उन्हात, दोन्ही हात पाठीमागे बांधून बाइंडरकाका उभे. सव्वाला खाली आले होते ते. बस दिसली नाही, तर त्यांना वाटलं पुढून वळून येत असेल. पाऊण तास ते तसेच उभे होते. दोन टॅक्सीवाल्यांनी विचारलं, तर म्हणाले, “नको, माझी बस येणार आहे.” बाईंच्या नवऱ्यालाही पहिल्यांदा तेच म्हणाले. “त्या म्हणाल्यात, सोडून जाणार नाही.” त्याने जवळजवळ हाताला धरूनच त्यांना गाडीत बसवलं.

टॅक्सी धक्क्यावर शिरली तेव्हा जहाज आणि धक्का यांच्यामध्ये शंभरेक हात पाणी झालं होतं. काका उतरले, दोन पावलं पुढे गेले, थांबले. बाईंनी आधी नवऱ्याला पाहिलं, मग काकांना, आणि हातातला कप खाली कधी ठेवला ते त्यांना कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर बसमधली मागून तिसरी ओळ आली आणि ती टोपी.

“माफ करा हं बाई,” काका म्हणाले. “मी वर फार रेंगाळलो. बसला पुढे जावं लागलं असेल.”

बाई बंदराच्या कचेरीकडे धावल्या.

पुढचं बंदर त्याच किनाऱ्यावर होतं. जहाज रात्रभर वळसा घालून सकाळी आठला तिथे पोचणार. रस्त्याने सहा तास. बंदराच्या कचेरीतल्या कारकुनाने जहाजाला निरोप पाठवला. उत्तर येईपर्यंत नवऱ्याने गाडीत पाणी भरलं. साडेचारला उत्तर आलं. कारकुनाने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, “डॉक्टर तिथेच आहेत. सकाळी धक्क्यावर भेटा म्हणतात.” तो काकांकडे बघत नव्हता. हे बाईंना तेव्हा दिसलं नाही, नंतर आठवलं.

वादात जिंकायची आयुष्यातली एवढी मोठी संधी नवऱ्याला आली होती, आणि त्याने फक्त मागचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, “बस.”

काका आणि बाई मागे बसले. समुद्राच्या कडेने रस्ता होता. पहिला तासभर काका बोलत होते. बोलले नाहीत तर भीती वाटेल अशा रीतीने. बायको कशी आहे ते सांगत होते. दुकानात ती पानं दुमडून द्यायची आणि हे शिवायचे. पंचेचाळीस वर्षं दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना. “मी रुमाल हलवला,” ते म्हणाले. “बराच वेळ हलवला. दिसला असेल का हो तिला?”

“दिसला असेल,” बाई म्हणाल्या.

मग त्यांच्या साहेबांचा फोन आला. सहलीच्या ऑफिसातले साहेब, बंदराच्या कचेरीतून त्यांना सगळं कळलं होतं. बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला, पण गाडी लहान होती. “म्हातारबांना आपलीच चूक झाली असं वाटतंय ना? मग वाटू द्या,” साहेब म्हणत होते. “बस धक्क्यावर आल्यावर ते परत बाहेर गेले, आपले आपण, असं लिहू. टॅक्सी तर तुमच्या घरचीच आहे. एकतीस वर्षांची नोकरी आहे बाई. डोकं शांत ठेवा.”

“ठेवते,” म्हणून बाईंनी फोन ठेवला. काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. समोरच्या आरशात नवऱ्याचे डोळे दिसत होते आणि ते बाईंवर होते.

दोन मैल गेले असतील. बाईंना गप्प बसता आलं असतं. खरंच आलं असतं. म्हाताऱ्या माणसाने आधीच माफी मागून टाकली होती.

“काका,” त्या म्हणाल्या, “तुम्ही उशीर केला नाहीत. मी तुम्हाला मोजलं नाही.” आणि मग सगळं सांगितलं. शेड सांगितली, रिकाम्या जागा सांगितल्या. शेवटचंही सांगितलं. “जहाजावरचा माणूस विचारायला आला होता. मी म्हटलं, माझे सगळे आले. नाहीतर जहाज थांबलं असतं. तुमच्यासाठी थांबायला हवं होतं ते.”

काकांनी वही खिशातून काढली, पुन्हा ठेवली. बोटं कडा जुळवत राहिली. मग ते टॅक्सीवाल्याला म्हणाले, “जरा बाजूला घेता का?”

गाडी थांबली. बाईंना वाटलं त्यांना मळमळतंय. पण ते बाईंकडे वळून अगदी हळू म्हणाले, “तुम्ही पुढे बसा.”

बाई उतरल्या आणि पुढे जाऊन बसल्या. उरलेल्या रस्त्यात त्या रडल्या, पण पुढे तोंड करून, आवाज मागे जाणार नाही अशा बेताने. साडेदहाला ते तिथे पोचले. बंदराजवळ एका मुक्कामाच्या जागी काकांना खोली मिळाली, आणि ही दोघं टॅक्सीतच बसून राहिली.

सकाळी आठला जहाज लागलं, तेव्हा तिघं धक्क्यावर उभी होती. काकांनी दाढी केली होती. शर्ट तोच, पण खोलीत मिळालेल्या इस्त्रीने कडक केलेला. बायकोला आपण काल फार हाल काढले असं वाटू नये, म्हणून असणार. शिडी लागली, आणि पहिला कुणी उतरला तर तो कालचा अधिकारी. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. तेवढ्यावरून बाईंना कळलं. काकांना कळलं नाही. ते हसत पुढे गेले.

काल दुपारी साडेतीनलाच ती गेली होती. जहाज निघाल्यापासून एक तासात. बंदरातून निरोप जाईपर्यंत सगळं संपलं होतं. प्रवासात असलेल्या माणसाला नुसत्या निरोपाने सांगू नये असं कॅप्टनने ठरवलं होतं.

काका उभे होते तसेच उभे राहिले. अधिकाऱ्याने खूप वेळ जाऊ दिला, मग अवघडून कागद काढला. लिहून घ्यावं लागतं, म्हणाला. “काल तुम्ही सहलीत होतात, की आपले आपण गेला होतात?”

“यांच्या बसमध्ये होतो,” काका म्हणाले. “यांच्याकडून मोजायचा राहिलो.”

त्यात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं. अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं.

“हो,” बाई म्हणाल्या. “चार नंबरची बस. माझी.”

तेवढ्यात शिडीवरून दवाखान्यातली नर्स उतरली. तरुण, रात्रभर जागलेली, हातात काकूंची पिशवी. बाई कोण आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. तिला फक्त म्हाताऱ्या माणसाचं दुःख हलकं करायचं होतं.

“काका, त्यांना फार त्रास नाही झाला,” ती म्हणाली. “आणि तुम्ही नाही याची काळजी त्यांना शेवटपर्यंत नव्हती, खरंच. खिडकीतून तुमचा रुमाल दिसला म्हणून खूश होत्या. नंतर श्वास लागला, तेव्हा खाली दवाखान्यात आणलं. तेव्हा त्यांनी विचारलं, बस आली का? मी वर शिडीपाशी फोन करून विचारलं. तिथले अधिकारी म्हणाले, बसवाले सगळे आले. तसंच त्यांना सांगितलं.”

“मग?” काका म्हणाले.

“मग हसल्या. म्हणाल्या, वर चहा घेत बसले असतील. घेऊ दे, सकाळपासून पायपीट झालीय त्यांची, बोलवायला जाऊ नका.” नर्सने पिशवी पुढे केली. “थोड्या वेळाने म्हणाल्या, अजून चहा संपला नाही का हो त्यांचा? मी म्हटलं, येतीलच इतक्यात. मग नाही विचारलं काही.”

काकांनी पिशवी घेतली. बंद बरोबर एकमेकांवर येतील असे जुळवले. बाईंकडे त्यांनी एकदा पाहिलं. ते ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहणं होतं, आणि मग ओळख पुसली गेली. अधिकारी हात द्यायला पुढे झाला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि कठड्याला धरून शिडी चढू लागले.

“चल, घरी जाऊ,” नवरा म्हणाला.

“ते खाली येऊ देत.”

“काय बोलणार आहेस त्यांच्याशी?”

बाईंना ते माहीत नव्हतं. त्या गेटाशी उभ्या राहिल्या. तिथल्याही बाया पाट्या घेऊन आल्या, रांगा लागल्या, बस गेल्या, परत आल्या. नवऱ्याने दोनदा पाणी आणून दिलं. दुपारी पहारेकऱ्याला राहवलं नाही. त्याने विचारलं कुणाची वाट बघताय, आणि मग सांगितलं की ते म्हातारे गृहस्थ अकरालाच गेले, मागच्या फाटकाने, बायकोचा देह नेणाऱ्या गाडीत बसून.

“ऐकलंस ना?” नवरा म्हणाला. “गेले ते.”

बाईंनी मान हलवली. पण जहाज सुटेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.